गेम दिसतोय पण कोण क्लिकच करंना: कव्हरचं दुखणं कुठंय ते शोधायचं कसं

"स्टोअरवर टाकलाय, लोकांना दिसतोय पण, तरी कोण आत येईनाच बे." सोलापुरात गेम बनवणारी पोरं आता बऱ्यापैकी झालीत, कोण इंजिनिअरिंग करता करता बनवतंय, कोण कामावरनं आल्यावर रात्री बसतंय, आणि माझा धंदा ड्रॉइंगचा असल्यामुळं ही तक्रार फिरून फिरून माझ्याकडं येते. बरं एकदा कव्हर, म्हणजे स्टोअरच्या लिस्टमधे गेमचं जे चित्र दिसतं ते, बदललं म्हणजे संपलं असंही नाय, पुढच्या गेमला तोच माणूस तेच दुखणं घेऊन परत हजर. कारण मधल्या काळात त्यानं बदललेलं काय असतंय तर निळं होतं ते केशरी केलं, कॅरेक्टर डावीकडनं उजवीकडं नेलं, नाव जरा मोठं केलं. दुखतंय कुठं ते बघितलंच नाय.

म्हणून पहिली गोष्ट, ब्रश हातात घ्यायच्या आधी आकडे उघडा. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या स्टोअरवर, ट्रॅफिकच्या रिपोर्टमधे इंप्रेशन किती (कव्हर लोकांसमोर किती वेळा आलं) आणि पेजला व्हिजिट किती हे वेगवेगळं दिसतं, प्ले कन्सोलमधे, म्हणजे प्ले स्टोअरवर गेम टाकणाऱ्याच्या पॅनेलमधे, लिस्टिंग बघणारे किती आणि त्यातले इन्स्टॉल करणारे किती हे दिसतं. आता इंप्रेशनच येत नसतील तर कव्हरला शिव्या देऊन काय उपयोग, ते कुणी बघितलेलंच नाय, तिथं टॅग चुकलेत नायतर कॅटेगरी चुकलीय. कोड्याच्या गेमला 'ॲक्शन' लावून ठेवायचं आणि मग चित्र बदलत बसायचं, हे लई जण करतात. आणि लोक पेजवर येतायत पण डाउनलोड किंवा विशलिस्ट न करता जातायत, तर कव्हरनं त्याचं काम केलंय, दुखणं स्क्रीनशॉटमधे, ट्रेलरमधे, नायतर किमतीत आहे. इंप्रेशन भरपूर आणि व्हिजिट नगण्य, असं असेल तरच पुढचं वाचा. अजून एक प्रकार असतो, क्लिक चांगले येतायत पण पेजवर आलेला माणूस लगेच पळतोय, तो पण कधीकधी कव्हरचाच गुन्हा असतो, त्याच्यावर खाली येतो.

मोठ्या स्क्रीनवर झकास, फोनवर चिखल

सगळ्यात जास्त केसेस ह्याच. कव्हर बनवताना तुम्ही ते २४ इंची मॉनिटरवर पूर्ण उघडून बघताय, आणि गिऱ्हाईक ते बघतंय पोस्टाच्या तिकिटाएवढं. स्टीमची छोटी कॅप्सूल (स्टीम कव्हरला कॅप्सूल म्हणतं) ४६२ बाय १७४ ची अपलोड करायची असते, पण स्टीम त्याचंच बारकं करून १२० बाय ४५ पिक्सेलचं पण वापरतंय. ४५ पिक्सेल उंची! त्याच्यात तुमचा हिरो, त्याचा कुत्रा, मागचा किल्ला, ढग आणि नाव, सगळं बसवायला निघालेत लोक. इच.आयओ (itch.io) ह्या छोट्या गेमच्या साइटवर कव्हर ६३० बाय ५०० चं टाका म्हणतात, पण लिस्टमधे दिसताना ते त्याच्या निम्म्यानं, म्हणजे ३१५ बाय २५० च्या आसपास दिसतं, आणि फोनवर त्याच्याहून बारीक. प्ले स्टोअरचा आयकॉन ५१२ बाय ५१२ चा मागतात आणि सर्चमधे तो बोटाच्या नखाएवढा असतो.

आपल्याकडं ह्याला एक खास कारण पण आहे, ते बोलायलाच पाहिजे. गेम बनवणाऱ्याला चित्र येत नसलं की तो जातो ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडं. फ्लेक्सवाली पोरं हुशार असतात, हात लई चालतो त्यांचा, कोरलड्रॉमधे दहा मिनिटांत डिझाइन काढून देतील, पण त्यांची सवय दहा बाय पंधरा फुटांची. सात रस्त्याला वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तेव्हा खाली चाळीस फोटो गोलात बसवले तरी चालतंय, सिग्नलला थांबलेला माणूस स्वतःच्या भाच्याचा फोटो शोधत बसतो. स्टोअरवर तुमचा भाचा शोधायला कोणी थांबलेला नाय. सोनेरी ग्रेडियंटची अक्षरं, त्याला पांढरी कड, त्याला काळी कड, त्याच्यामागं लाल उजेड, हे फ्लेक्सवर उठून दिसतं आणि १२० पिक्सेलमधे त्याची पिवळट लापशी होते. दोष पोराचा नाय, माप सांगितलं नाय तुम्ही त्याला.

तपासायचं कसं? कव्हर १२० पिक्सेल रुंद करून सेव्ह करा आणि स्वतःच्याच फोनवर पाठवून बघा. झूम करायचं नाय. मग ब्राइटनेस निम्मा करा आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी बारा-एकला बाहेर जाऊन बघा, आपल्याकडं चाळिशीच्या वर पारा असताना फोनची स्क्रीन आधीच काळपट दिसते, त्यात पण जर एक वस्तू ओळखू आली तर कव्हर पास. दुसरं म्हणजे रंग काढून टाका, पूर्ण ग्रेस्केल करा. लाल चादर आणि हिरवं गवत रंगात वेगळं वाटतं, पण दोन्हीचा गडदपणा सारखा असेल तर ग्रेस्केलमधे दोन्ही एकच करडा डाग होतात, आणि लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाय त्यांना पण ते तसंच गुळमुळीत दिसणार. आधी गडद-फिकं जमवा, रंग नंतर.

चादरीची जकार्ड डिझाइन ग्राफपेपरवर काढणारी माणसं आपल्या गावात पिढ्यानपिढ्या हेच करत आलीत: चौकोन मोजके, रंग मोजके, आणि त्यात मोर काढला तर तो मोरच दिसला पाहिजे. कव्हरचं पण तेवढंच गणित आहे.

"चित्र भारीय, पण ह्यात करायचं काय?"

हे दुखणं जरा खोल आहे आणि माझ्या मते कॅज्युअल गेमचं खरं मरण इथंच आहे. मोठ्या गेमला लोक नाव ऐकून येतात. तुमचा गेम कुणाला माहीत नाय, पाच मिनिटं मोकळी आहेत, एसटी यायचीय, अंगठ्यानं लिस्ट सरकवतायत, त्या सरकवण्यात माणसाला कळलं पाहिजे की हितं काहीतरी जोडायचंय, कापायचंय, घडी घालायचीय, पळायचंय. नुसतं हसणारं कॅरेक्टर उभं असेल तर ते गेमचं कव्हर आहे का बिस्किटाचं पाकीट हेच कळत नाय.

जुळे सोलापूरकडच्या एका पोरानं कोड्याचा गेम केलावता, चादरीच्या घड्या अशा घालायच्या की वरची नक्षी बरोबर जुळली पाहिजे. गेम खरंच चांगला, हातात घेतला की सोडवत नाय. त्याच्या कव्हरवर काय होतं तर मागं सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव, सूर्य मावळतोय, डावीकडं यंत्रमाग, उजवीकडं चादरींचा ढीग, मधे टोपी घातलेला मुलगा, शेजारी आजी. मंदिर काढ म्हटलं तर त्याच्या जीवावर आलं. "सिद्धरामेश्वराला कसं काढू बे?" आता हे मला पण कळतं, गावाचा गेम आहे म्हटल्यावर गाव दिसावं वाटणारच, पण घडी घालायचा गेम आहे हे त्या पूर्ण चित्रात कुठंच नव्हतं.

शेवटी कव्हरवर काय ठेवलं: एकच लाल चादर, अर्धी घडी घातलेली, कोपरा दोन बोटांनी धरून उचललेला, आणि मोराची नक्षी अर्धी जुळलेली अर्धी सरकलेली. मागं सपाट हळदी पिवळा. बस. सरकलेला मोर बघितला की माणसाच्या हाताला खाज सुटते, तो नीट करावासा वाटतो, आणि क्लिक त्या खाजेतनंच येतो. अपुरं काम दाखवा, पूर्ण झालेलं नको. मर्ज गेम, म्हणजे सारख्या वस्तू जोडायचा गेम, असेल तर दोन सारख्या वस्तू एकमेकीला टेकायच्या बेतात, धावायचा गेम असेल तर पाय हवेत आणि मागं काहीतरी लागलेलं. मंदिर कुठं गेलं? स्टीमच्या लायब्ररीत गेम उघडल्यावर वर जो रुंद फोटो येतो ना, ३८४० बाय १२४० चा, त्याच्यावर अक्षरं टाकायचीच नसतात, तिथं तलाव, मंदिर, मावळता सूर्य सगळं ऐसपैस बसलं. पोरगं पण खूश.

ह्याच्या उलट टोक म्हणजे कव्हर गेमपेक्षा भारी. हल्ली एआयला सांगून कोणीही पिच्चरच्या पोस्टरसारखं चित्र काढून घेतं आणि आत गेम असतो साधा चौकोन-गोलांचा. क्लिक येतात, स्क्रीनशॉट बघून माणूस पळतो, हाच तो वर म्हटलेला प्रकार. शिवाय एआयनं बनवलेलं वापरलं तर स्टीम २०२४ पासून ते जाहीर करायला लावतं आणि ते पेजवर दिसतं, इच.आयओवर पण तसं सांगायची सोय आहे. वापरायचं का नाय ते तुमचं तुम्ही ठरवा, पण कव्हरमधला चेहरा, रंग आणि रेघ गेममधल्यासारखी नसेल तर फसवल्यासारखं होतंय.

गर्दीत हरवणं

कव्हर एकटं बघितलं की चांगलंच दिसतं. तुमच्या टॅगची लिस्ट उघडा, स्क्रीनशॉट काढा, त्यातल्या एका चौकोनावर तुमचं कव्हर चिकटवा आणि मान वळवून परत बघा, डोळा कुठं जातो. कॅज्युअलमधे निम्मी कव्हरं आकाशी निळ्या बॅकग्राउंडवर असतात, तिथं तुमचं पण आकाशी असेल तर ते गेलं त्यात मिसळून. स्टीमचं पेज गडद निळसर आहे, काळपट कव्हर तिथं बुडतं. प्ले स्टोअर कुणाकडं पांढऱ्यावर असतं कुणाकडं काळ्यावर, त्यामुळं पांढऱ्या कडांचा आयकॉन निम्म्या लोकांना कडेनं विरघळलेला दिसतो. दोन्हीवर ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एकच चित्र सगळीकडं कापून लावणं

हे आळसाचं दुखणं. एक १९२० बाय १०८० चं चित्र काढलं आणि प्रत्येक मापाला तेच कापलं. हिशोब करा की: ते इच.आयओच्या ६३० बाय ५०० मधे बसवायचं तर रुंदीतला जवळजवळ २९ टक्के भाग उडतो. स्टीमच्या ६०० बाय ९०० च्या उभ्या लायब्ररी कॅप्सूलसाठी कापलं तर रुंदीतला जेमतेम ३७ टक्के भाग उरतो, म्हणजे हिरोचा एक खांदा आणि नावातली मधली दोन अक्षरं. म्हणून बॅकग्राउंड, मुख्य वस्तू आणि नाव हे तीन लेअर पहिल्यापासून वेगळे ठेवा, बॅकग्राउंड चारी बाजूंनी जास्तीचं काढून ठेवा, आणि प्रत्येक मापात वस्तू नि नाव हातानं परत मांडा. आडव्यात नाव शेजारी, उभ्यात नाव वर किंवा खाली. छोट्या कॅप्सूलला तर वस्तू पण जवळजवळ सोडून द्या, नावच तिथं चित्र असतं.

प्ले स्टोअरवर १०२४ बाय ५०० चा जो फीचर ग्राफिक असतो, त्याला व्हिडिओ जोडला की बरोबर मधोमध प्लेचं बटण येऊन बसतं. कॅरेक्टरच्या नाकावर बटण बसलेली कव्हरं लई बघितलीत. मधला भाग मोकळा ठेवा. आणि आयकॉनला स्वतः गोल कोपरे नि सावली देऊ नका, चौकोन पूर्ण भरून द्या, गूगल स्वतः कापतं, नायतर गोलात गोल दिसतो.

नाव देवनागरीत असेल तर

ह्याच्यावर इंग्रजी गाइडमधे काही सापडत नाय म्हणून जरा लांब लिहितोय. रोमन कॅपिटल अक्षरं उंचीचा पूर्ण चौकोन भरतात. आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळं तेवढ्याच उंचीत अक्षराचं मूळ अंग बारीक होतं. १२० पिक्सेलमधे घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ह्यांच्यातला फरक पहिला मरतो. 'घडी' चं 'धडी' झालेलं मी बघितलंय, आणि 'भाकरी' चं 'माकरी'. त्यात जाड आउटलाइन आतल्या बाजूनं दिली की अक्षरातल्या पोकळ्या बुजतात, ब चं पोट भरून व पण राहत नाय, नुसता ठोकळा. आउटलाइन नेहमी बाहेरच्या बाजूनं द्या, आणि सुट्या सुट्या अक्षराला न देता पूर्ण शब्दाचा एकच बाहेरचा आकार करून त्याला द्या, शिरोरेषेमुळं तो आकार आपोआप एकसंध येतो, रोमनला ही सोय नाय.

फॉन्टचं म्हणाल तर 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'बालू' आणि 'मुक्ता' फुकट आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात, गेममधे वापरायला परवानगी आहे. 'मोदक' पण त्यांचाच, दिसायला एकदम गुबगुबीत गोड, पण त्याच्या पोकळ्या मुळातच चिरेएवढ्या आहेत, मोठ्या कॅप्सूलला लावा, बारक्याला नको. नाव लांब असेल तर दोन ओळी करा, पण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात, तिथं ओळींमधलं अंतर ठरवून न ठेवता डोळ्यानं बघून एकेक शब्द हलवा.

फोटोशॉपमधे वेलांटी भलतीकडं जातीय, जोडाक्षर तुटतंय, पाय मोडून येतंय असं झालं तर फॉन्ट बदलत बसू नका, टाइपच्या सेटिंगमधे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. फ्लेक्सवाल्याकडनं श्रीलिपीत काढून घेतलं असेल तर ते बहुतेक वेळा युनिकोड नसतं, त्याला कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, फाइल द्यायला सांगा, नायतर तुमच्या मशीनवर उघडल्यावर भलतीच लिपी दिसते. आणि नाव मराठीतच ठेवू का रोमनमधे हा वाद घालायची प्ले स्टोअरवर गरज नाय, तिथं मराठी लिस्टिंग वेगळं करता येतं आणि त्याला ग्राफिक पण वेगळे देता येतात.

फाटलेलं, फिकट, नाकारलेलं

पिक्सेल आर्ट मऊ-मऊ दिसत असेल तर मोठं करताना साइझ बदलायच्या सेटिंगमधे निअरेस्ट नेबर लावा आणि पूर्ण पटीतच वाढवा, दुप्पट, तिप्पट, दीडपट नको. रंग मेल्यासारखे आले तर फाइल सीएमवायकेमधे आहे, छापखान्याची सवय, आरजीबी करा. अक्षरांभोवती किडे आल्यासारखे ठिपके दिसतात ते जेपेगचं कॉम्प्रेशन, पीएनजी द्या.

स्टीमनं कव्हर परत पाठवलं तर बहुतेक वेळा त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. बक्षीस मिळालं, इतके स्टार आहेत, आता सवलत आहे, ह्यातलं काही नाय. मोठं अपडेट आलं की तेवढ्यापुरतं वेगळं आर्टवर्क लावायची सोय आहे, ते पण जास्तीत जास्त महिनाभर. प्ले स्टोअरच्या आयकॉनवर पण 'फ्री', 'नंबर वन' असलं लिहू नका.

बदललं, आता कळणार कसं

प्ले कन्सोलमधे लिस्टिंगचे एक्सपेरिमेंट करता येतात, चालू आयकॉनच्या समोर जास्तीत जास्त तीन पर्याय लावता येतात, लोक आपोआप वाटले जातात. एका वेळी एकच गोष्ट बदला. आयकॉन पण बदलला आणि फीचर ग्राफिक पण बदलला तर कशानं फरक पडला ते देव जाणे. किमान पूर्ण आठवडा चालू द्या कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक एक नसतं. स्टीमवर अशी सोय नाय, तिथं आधीचे नि नंतरचे आकडेच बघावे लागतात, म्हणून सेलच्या आठवड्यात किंवा स्टीमच्या डेमो महोत्सवात, म्हणजे नेक्स्ट फेस्टमधे कव्हर बदलून तुलना करू नका, गर्दीच वेगळी असते. आणि आकडा छोटा असेल तर नाचू नका, दोनशे इंप्रेशनला दोनाचे पाच क्लिक झाले ह्याला वाढ म्हणत नाय, ती तुमच्या ग्रुपमधल्या तीन मित्रांची कृपा असू शकते. गड्ड्याच्या जत्रेत भेटेल त्याला लिंक पाठवत फिरलात तर त्या दिवसांचे आकडे सरळ बाजूला काढा.

मित्रांना "कसं वाटलं?" विचारू नका, ते "एक नंबर" म्हणणार. गेम न खेळणाऱ्या माणसाला, चहाच्या टपरीवरच्या मामांना म्हणा, फोनवर दोन सेकंद कव्हर दाखवा, फोन उलटा करा आणि विचारा, "मामा, ह्यात काय करायचं असंल?" "घडी घालायची का काय ती?" असं आलं तर झालं काम. "देऊळ हाय ना कसलं तरी?" आलं तर परत बसा.

शेवटचं एक, ह्याच्यासाठी फोन येतात म्हणून लिहितो. कव्हर बदलल्यावर व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की जुनंच चित्र दिसतं. तुमचं काही चुकलेलं नाय, त्यानं जुना प्रीव्ह्यू साठवून ठेवलेला असतो. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून एखादं अक्षर, बरोबरचं चिन्ह आणि आकडा जोडा, त्याला ती नवीन लिंक वाटते आणि तो चित्र परत आणतो. स्टोअरवरच जुनं दिसत असेल तर थोडा वेळ जाऊ द्या आणि दुसऱ्या फोनवर लॉगिन न करता बघा, तेवढ्यात परत अपलोड करत बसू नका.